‘मम’ म्हणण्यापूर्वी

एकत्र कुटुंबात मुलीचा विवाह ठरू लागला म्हणजे वधूवरांपेक्षा घरातील मंडळींसच अधिक प्रश्न पडतात, हे वाचकांस सांगावयास नको. पत्रिका, गोत्र, मुहूर्त, मानपान हे प्रश्न परिचयाचे असतात. त्यांची उत्तरे पंचांगात, नाहीतर वडीलधाऱ्यांच्या तोंडी तयार असतात. गेल्या वर्षी आमच्या घरात जे प्रश्न निघाले ते मात्र ह्या जातीचे नव्हते. माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येने वसईकडील एका रोमन कॅथलिक कुटुंबातील तरुणाशी विवाह करण्याचा मनोदय घरी सांगितला. मुलगा सुशील, सुशिक्षित, मराठी आपल्याइतकेच शुद्ध बोलणारा. मुलगी सज्ञान आणि विचारी. नकार द्यावा तर स्वभावाचे वा शिक्षणाचे कारण सापडेना, आणि होकार द्यावा तर मन धजेना, अशी घराची स्थिती झाली.

अशा वेळी प्रत्येकाने आपला प्रश्न माझ्यापुढे आणून ठेवावा हे स्वाभाविकच होते. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि पाठशाळेतील संस्कृत एवढ्या शिदोरीवर मी तीसएक वर्षे शाळेत शिकविले. तेव्हा ‘धर्माचे काय ते भाऊजींना विचारा’ हा आमच्या घरचा प्रघातच पडून गेला आहे. परंतु आपल्या धर्माचे चार ग्रंथ वाचल्याने दुसऱ्याच्या धर्माचे ज्ञान होत नाही. म्हणून मी कायद्याची पुस्तके चाळली, शाळेतील एका जुन्या ख्रिस्ती सहकाऱ्यांशी बोललो, आणि वसईस जाऊन मुलाच्या धर्मग्रामातील फादरांचीही गाठ घेतली. हेच प्रश्न आज आणखीही कित्येक घरांत निघत असतील, म्हणून जे समजले ते क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न माझ्या बंधूंचा. “ख्रिस्ती लोकांत लग्न हा संस्कार असतो की नुसता करार?” ह्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ‘ख्रिस्ती’ हा शब्द ‘हिंदू’ ह्या शब्दासारखाच अनेक पंथ पोटात घेऊन बसला आहे. रोमन कॅथलिक पंथ विवाहास आपल्या सात संस्कारांपैकी एक मानतो. प्रॉटेस्टंट पंथांत बहुधा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानले जातात. विवाह पवित्र खरा, पण संस्कारांच्या गणनेत नाही. मार्टिन ल्यूथरने तर विवाहास लौकिक व्यवहारांत गणले, आणि १५२५ साली मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी स्वतः विवाहही केला.

परंतु मला सर्वांत मननीय वाटली ती गोष्ट निराळीच. रोमन कॅथलिक समजुतीप्रमाणे हा संस्कार धर्मगुरू वधूवरांस देत नाही. वधूवरच तो परस्परांस देतात. फादर केवळ चर्चच्या वतीने प्रश्न विचारतात आणि उत्तरे ऐकून घेतात. तुम्ही स्वखुशीने आला आहात का, आजन्म एकनिष्ठ राहाल का, संततीचा प्रेमाने स्वीकार कराल का, अशा आशयाचे ते प्रश्न असतात. आणि मग दोघे आपल्या तोंडाने, आपल्यास समजेल अशा भाषेत, एकमेकांस वचन देतात. ते वचन म्हणजेच विवाह. कोणी विचारील की मग धर्मगुरू आणि साक्षीदार हवेत कशाला? त्याचेही कारण इतिहासात आहे. पूर्वी युरोपात दोघांनी एकांतात दिलेले वचनही विवाह ठरत असे, आणि पुढे एकाने ते नाकारले म्हणजे दुसऱ्याची दुर्दशा होई. शाकुंतल वाचलेल्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथेही साक्षीला अंगठीखेरीज काही उरले नव्हते. म्हणून ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली असा नियम केला की, धर्मग्रामाचा धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्या समक्ष वचन दिल्याखेरीज विवाह मानू नये.

हे ऐकून मला आपल्याकडील मांडवाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आपल्या विवाहविधीतील मंत्र अर्थाने फार थोर आहेत. पाणिग्रहणाचे आणि सप्तपदीचे मंत्र मी मुलांना अर्थासह अनेकदा सांगितले आहेत. परंतु मांडवात काय घडते? गुरुजी भराभर म्हणतात, वाजंत्री वाजत असते, छायाचित्रकार ‘इकडे पाहा’ म्हणून ओरडत असतो, आणि नवरदेव सांगितल्या ठिकाणी ‘मम’ म्हणतो. न समजता मान डोलावण्यास मराठीत ‘मम म्हणणे’ हा वाक्प्रचारच पडला, ह्यातच सर्व आले. ह्यात दोष मंत्रांचा नव्हे, आपला आहे. आणि चर्चमध्येही नुसत्या पाठांतराने वचन देणारे नसतील असे थोडेच आहे! तथापि विधीच्या मध्यभागी वधूवरांचा स्वतःचा शब्द ठेवला आहे, ही गोष्ट ध्यानात आल्यावर पुढच्या सर्व प्रश्नांचा विचार मला सोपा झाला. जे वचन द्यावयाचे ते खरे असावे. खोटे वचन देण्याची पाळी कोणावर येऊ नये.

दुसरा प्रश्न माझ्या धाकट्या भावजयीचा, आणि तो डोळ्यांत पाणी आणून विचारलेला. “भाऊजी, मुलीला धर्म बदलावा लागेल का हो?” ह्याचे उत्तर, नाही. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होतो. दोघेही ख्रिस्ती असलेच पाहिजेत असे तो म्हणत नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी विवाह करावयाचा तर बिशपांची खास अनुज्ञा लागते. ती मिळाल्यास विवाह चर्चमध्ये होतो व वैध मानला जातो. मात्र एक पक्ष अदीक्षित असल्यामुळे त्यास त्यांच्या परिभाषेतील ‘संस्कार’ म्हणत नाहीत. बाप्तिस्म्यास वसईचे कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, हा शब्द ऐकून मला मोठे समाधान वाटले.

“लग्नापुरता स्नानसंस्कार उरकून घेतला तर सोपे नाही का पडणार?” असा प्रश्न आमच्याच एका नातलगांनी काढला. मी तो फादरांस जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, “लग्नासाठी म्हणून कोणी स्नानसंस्कार मागितला, तर मी त्याला आधी थांबवतो. श्रद्धा नसेल तर ते पाणीच.” प्रौढ माणसाने दीक्षा घ्यावयाची तर दीर्घ काळ शिक्षण घ्यावे लागते, हेही त्यांनी सांगितले. एका परक्या धर्माच्या गुरूने आमच्या मुलीच्या धर्माची आमच्या नातलगांहून अधिक बूज राखावी, हे ऐकून मी काही वेळ निरुत्तर झालो.

ह्या बाबतीत आपल्या वाङ्मयातच एक थोर उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे त्यांनी आपला आचार आपल्यापुरता सांभाळला, ताटातूट सोसली, आणि पुढे स्वतःच्या मनाची खात्री पटली तेव्हाच बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास त्यांचा निर्णय पटो वा न पटो, त्या बाईच्या सचोटीविषयी शंका उरत नाही. नवऱ्याचा धर्म म्हणून बायकोचा धर्म, हा हिशेब त्यांनी मानला नाही. आजच्या मुलींनी तो का मानावा?

तिसरा प्रश्न काहीसा माझ्याच मनातला होता. चर्चमध्ये एक विधी आणि घरी होमहवन, सप्तपदी असा दुसरा, असे दोन्ही केले तर दोन्हीकडची मंडळी संतुष्ट होतील, असे कित्येकांस वाटते. येथे दोन अडचणी आहेत. एक, कॅथलिक नियमाप्रमाणे त्याच विवाहाचे वचन दुसऱ्या धर्माच्या विधीने पुन्हा देता येत नाही. दुसरी, १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. एक पक्ष ख्रिस्ती असता नुसत्या सप्तपदीने झालेला विवाह त्या कायद्याखाली वैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. म्हणजे ज्या विधीच्या भरवशावर आपण मुलगी द्यावी, तोच कायद्याने पोकळ ठरावयाचा! माझ्या हातून पुतणीची सप्तपदी व्हावी ही माझी फार दिवसांची हौस. परंतु वचन एकदाच द्यावयाचे असते, हे मनाशी घोकून मी ती हौस आवरली. घरी कुलदेवतेची पूजा झाली, केळवणे झाली, हळद लागली. त्यांच्याकडेही लग्नाआधीच्या आपल्या घरगुती चालीरीती आहेतच.

चौथा प्रश्न वाटणीचा. हा विषय काढण्यास आपल्याकडे संकोच वाटतो, परंतु एकत्र कुटुंबात तो मनात असतोच, आणि मनात ठेवून कुढण्यापेक्षा बोललेला बरा. धर्म न बदलता विवाह करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. एकत्र कुटुंबातील हिंदू व्यक्तीने ह्या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख वा जैन नसलेल्या व्यक्तीशी विवाह केल्यास ती व्यक्ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे मानले जाते. विभक्त झाली म्हणजे हक्क बुडाला असे मात्र नव्हे. २००५ पासून मुलगीही मुलाप्रमाणेच वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायाद आहे. १८७२ च्या कायद्यात अशा विभक्तीचे कलम नाही. धर्मांतर केल्याने स्वतःचा वारसाहक्क जात नाही. परंतु धर्मांतरानंतर झालेली मुले वारसा उघडण्याच्या वेळी हिंदू नसतील, तर त्यांस हिंदू नातलगांकडून वारसा मिळत नाही, असे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा सांगतो. हे सर्व वकिलाकडून नीट समजून घेऊन बंधूंनी मुलीस स्वच्छ शब्दांत सांगितले, हे फार चांगले झाले.

पाचवा प्रश्न आमच्या मातोश्रींचा. त्यांचे वय आज अठ्ठ्याऐंशी. “पोरीला दर रविवारी त्या देवळात जावे लागेल का? तिथे गुडघे टेकावे लागतील का?” मी म्हणालो, “आई, तिच्यावर तसे बंधन नाही.” रविवारी व काही ठराविक सणांच्या दिवशी मिस्सेस उपस्थित राहणे हे कर्तव्य कॅथलिकांस लागू आहे, इतरांस नाही, आणि त्यांनाही आजारपण, तान्ह्या मुलाची शुश्रूषा अशा सबळ कारणासाठी सूट असते. ज्यू लोकांचा पवित्र दिवस शनिवार. येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून ख्रिस्ती लोकांनी रविवार धरला, आणि ३२१ साली रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने त्या दिवशी विश्रांतीची आज्ञा काढली. मुलगी नवऱ्याबरोबर प्रेमाने गेली तर तिने इतर उठतील तेव्हा उठावे, बसतील तेव्हा बसावे. गुडघे टेकणे तिच्या मनावर. फक्त वेदीजवळ जाऊन ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, कारण तो त्यांच्या दीक्षितांसाठीच असतो. ह्यात अपमान मानण्याचे कारण नाही. आपल्या गाभाऱ्यातही सोवळ्याचे नियम आहेतच.

त्यावर आमच्या सौ.नी विचारलेला प्रश्न मला सर्वांत मार्मिक वाटला. “न मानता नुसते जाऊन बसायचे, तर ती उपासना कसली?” हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीच आहे. येशूच्या उपदेशात देखाव्याच्या प्रार्थनेवर फार कडक टीका आहे. प्रार्थना करावयाची तर खोलीचे दार लावून करावी, आणि वेदीवर अर्पण ठेवताना भावाशी वैर असल्याचे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून यावे, असे त्याचे सांगणे आहे. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीस त्याने असेही सांगितले की, खऱ्या उपासनेस अमुकच डोंगर वा अमुकच नगर लागत नाही. आपल्या संतांनी आणि गीतेने भावाविषयी जे सांगितले त्याहून हे दूरचे नाही. मग चर्चमध्ये जावयाचे तरी कशाला? माझे ख्रिस्ती सहकारी म्हणाले, “गुरुजी, घरी एकट्याने अभंग म्हणता येतो, तरी माणसे वारीला जातातच ना?” ह्या उत्तरापुढे मला काही विचारावयाचे उरले नाही. एकांतातील भक्ती आणि समुदायातील भक्ती ह्या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. दुसऱ्याच्या समुदायात आपण आदराने पाहुणे म्हणून बसलो तर ती उपासना नव्हे, पण दांभिकपणाही नव्हे. ते सौजन्य आहे. मनात नसताना भक्तीचे सोंग आणले तरच तो दांभिकपणा.

भाषेची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत प्रसिद्ध केले, तरी चर्चमधील मुख्य उपासना कॅथलिकांत शतकानुशतके लॅटिन भाषेतच होत असे. १९६२ ते १९६५ पर्यंत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देशी भाषांस वाट मोकळी करून दिली. वसईत आज मिस्सा मराठीत चालते. त्याच वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. हे ऐकल्यावर मातोश्रींचा ‘परक्या भाषेतला देव’ हा आक्षेप बराच सौम्य झाला.

पुतणीचा स्वतःचा प्रश्न एकच होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी आजही नाही. मिश्रविवाहाची अनुज्ञा मागताना कॅथलिक पक्षास असे वचन द्यावे लागते की, मुलांस कॅथलिक धर्मात वाढविण्यासाठी मी शक्य ते सर्व करीन. दुसऱ्या पक्षाकडून वचन घेत नाहीत. परंतु जोडीदाराने दिलेल्या वचनाची त्यास स्पष्ट कल्पना द्यावी, असा नियम आहे. पुतणी म्हणाली, “काका, त्याचे वचन मी मोडायला लावणार नाही. पण माझ्या मुलांना रामरक्षा येऊ नये, हेही मला सोसणार नाही.” मी तिला सांगितले की, हे आज माझ्यापाशी बोललीस तसेच लग्नाआधी त्याच्यापाशी आणि फादरांपाशी बोल, नंतर बोलू नकोस. ती बोलली. फादरांनी तिला ताबडतोब होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दोघांस दोन महिने विचार करावयास सांगितले. दोन महिन्यांनंतर दोघे पुन्हा गेली. काय ठरले ते त्या दोघांचे. मी विचारले नाही. परंतु ती गोष्ट लपवून कोणी वेदीपुढे उभे राहिले नाही, एवढे मला पुरे आहे.

राहिला घटस्फोटाचा प्रश्न. मांडव पडण्याआधी तो काढणे अशुभ म्हणून घरात कोणी काढला नाही, मीच वाचून ठेवला. कॅथलिक पंथ घटस्फोट मानत नाही. विवाह मुळातच अवैध होता असे चर्चचे न्यायमंडळ ठरवू शकते, परंतु त्या निर्णयाने कायद्याचा विवाह सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. ख्रिस्ती स्त्रियांस १८६९ च्या कायद्याने फार काळ अन्याय सोसावा लागला. पतीस केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागता येई, पत्नीस मात्र बहुधा त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. २००१ सालच्या दुरुस्तीने हा भेद गेला आणि परस्परसंमतीचा मार्गही खुला झाला.

विवाह माघात झाला. आपल्याकडे जसा चातुर्मास, तसा त्यांच्याकडे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. त्यात थाटाची लग्ने टाळतात, म्हणून त्याआधीचा दिवस धरला. चर्चमध्ये जावे की न जावे, ह्यावर आमच्या नातलगांत दोन तट पडले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उठले होते. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांची नावे त्यात होती, आणि वाद शंकराचार्यांपर्यंत गेला होता. त्या इतिहासाची आठवण देऊन मी एवढेच म्हणालो की, ज्याच्या मनास पटेल त्याने यावे, न पटेल त्याने घरूनच आशीर्वाद द्यावा. मात्र येऊन नाक मुरडू नये. काहीजण आले नाहीत, आणि त्यांच्यावर कोणी रागावले नाही. मातोश्री आल्या. त्यांनी गुडघे टेकले नाहीत. हात जोडून बसल्या होत्या. पुतणीने स्वच्छ मराठीत वचन दिले, आणि शेवटच्या बाकापर्यंत ते ऐकू गेले.

ज्या घरांत आज हेच प्रश्न निघाले असतील त्यांना माझे सांगणे थोडे आहे. मुलामुलींस आधी धर्म कोणता हे विचारू नका. जे म्हणणार आहात ते समजून म्हणणार आहात ना, एवढे विचारा. कायदा वकिलास विचारा, धर्म धर्मगुरूस विचारा, आणि मुलांविषयीचा प्रश्न लग्नाआधी त्या दोघांनाच एकमेकांना विचारू द्या. ह्यापैकी एकही प्रश्न लाजेने अथवा घाईने मागे ठेवू नये. कारण मागे ठेवलेला प्रश्न पुढे तान्ह्या मुलाच्या पाळण्यापाशी येऊन उभा राहतो, आणि त्या वेळी त्याचे उत्तर देणे फार कठीण जाते.